रात्रभर उपाशी, तरी सकाळी शुगर १५२: दोन वेळच्या जेवणाची सुरुवात करणाऱ्यांसाठी

रात्री साडेसातला जेवले. नंतर पाण्याशिवाय काही नाही. झोपताना मोजली तेव्हा शुगर १२८ होती आणि सकाळी सहाला बोट टोचलं तर १५२. दोन वेळच्या जेवणाचा माझा तो नववा दिवस. यंत्राकडे बघून मला रडू आलं होतं. पोटात कण गेला नाही, मग हे वरचे चोवीस आले कुठून?

टाइप २ मधुमेह असताना ज्यांनी उपवासाची पद्धत धरली, त्यातल्या पुष्कळांना हा प्रश्न पहिल्या पंधरवड्यातच पडतो. आपल्याकडे अशी माणसं घरोघरी आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी पोहोचवलेला, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, हा नेम कुणी पाळतं. कुणी सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणं असं घड्याळ लावून घेतं. पद्धत कुठलीही असो, बाकीचे आकडे उतरायला लागले तरी सकाळचा आकडा अडून बसतो, आणि तो बघून माणसं सगळंच सोडून देतात. मी डॉक्टर नाही, चार वर्षं वही ठेवणारी रुग्ण आहे. सुरुवातीला मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढा

सकाळच्या आकड्याकडे वळण्याआधी शुगर खाली जाण्याचा धोका समजून घ्या, कारण तो जास्त तातडीचा आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचंही तसंच. जेवण सोडलं आणि गोळी मात्र घेतली, की शुगर धोक्याच्या खाली उतरू शकते.

आपल्या बाजारात ही औषधं फार वेळा मेटफॉर्मिनसोबत (ही मधुमेहाची नेहमीची गोळी, एकटी घेतली तर सहसा शुगर धोक्याच्या खाली नेत नाही) एकाच गोळीत येतात. माझे मोठे दीर कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत, ‘मी फक्त मेटफॉर्मिनवर आहे.’ पाकिटावर बारीक अक्षरात ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम असंही छापलेलं होतं, ते कुणी वाचलंच नव्हतं. माझं बघून त्यांनी नाश्ता सोडला, गोळी नेहमीसारखी सकाळी घेतली आणि फिरायला गेले. बागेतल्या बाकावर घामाने भिजलेले, हात थरथरताहेत, अशा अवस्थेत सापडले. घरी आणून मोजली तर ६२, आणि तीसुद्धा कुणीतरी त्यांना वाटेत लिमलेटची गोळी दिल्यानंतरची.

म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवून स्पष्ट विचारा: ‘मी एक जेवण सोडणार आहे. यातलं काय कमी करायचं आणि कशाची वेळ बदलायची?’ आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आणि हे विचारून होईपर्यंत जेवणही सोडू नका.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांबद्दल वेगळी काळजी घ्यावी लागते. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ती चालू असताना लांबलचक उपास केला, पाणी कमी प्यायलं, तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो आणि त्या वेळी शुगर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं, यातलं काही झालं तर आकडा बरा आहे म्हणून घरी थांबू नका.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, टाइप १ असलेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, अठरा वर्षांखालची मुलं, वयाने थकलेली आणि आधीच वजन घटलेली माणसं, खाण्याचा मानसिक विकार असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले लोक, यांनी हा प्रयोग घरच्या घरी करूच नये.

शुगर ७० च्या खाली दिसली की त्या दिवसाचा उपास तिथेच संपला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर परत तेच करा, आणि वर आली की काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, उचलून दवाखान्यात न्या.

चोवीस आले कुठून

यकृतातून आले. एका मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असते तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदू रात्रीही काम करतो आणि त्याला साखर लागते. ती पुरवण्यासाठी यकृत तासाला आठ-दहा ग्रॅम साखर रक्तात सोडत असतं. चमचाभर साठ्यात दर तासाला दोन चमचे येतात आणि जवळपास तेवढेच खर्च होतात. हिशोब थोडा जरी चुकला तरी आकडा वर जातो, हे एकदा लक्षात आलं की १५२ ची भीती निम्मी कमी होते.

पहाटे तीन ते आठच्या सुमारास शरीर उठायची तयारी करतं. कॉर्टिसॉल, वाढीचं संप्रेरक आणि आणखी काही संप्रेरकं यकृताला साखर सोडायला सांगतात. मधुमेह नसलेल्या माणसातही हे घडतं, पण त्याचं स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. आपल्या यकृताला इन्सुलिनचं सांगणं नीट ऐकू येत नाही, म्हणून ते साखर सोडतच राहतं. डॉक्टर याला ‘डॉन फिनॉमेनन’ म्हणतात, मी पहाटेची वाढ म्हणते. ती फार घातक नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. टाइप २ च्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या वाढीचा तीन महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे एचबीए१सीवर, सुमारे ०.४ टक्क्याचा परिणाम दिसला होता.

इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मला वाटलं, उपास कमी पडतोय. म्हणून रात्रीचं जेवण बंद करून वीस-बावीस तास ताणले. सकाळचा आकडा १६५ वर गेला आणि दुपारी इतकी भूक लागली की चार पोळ्या खाल्ल्या. साखर यकृतातून येत असेल तर पोट जास्त वेळ रिकामं ठेवून ती थांबणार कशी?

मोजणं आधी सरळ करा

घरच्या यंत्राचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या यंत्राचे शंभरातले पंचाण्णव आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे असले तरी ते यंत्र पास होतं. प्रयोगशाळेत १४० भरेल ते रक्त घरी १२० ही दिसू शकतं आणि १६० ही. म्हणून काल १४४ आणि आज १५० दिसली, तर ‘वाढली’ असं म्हणू नका. आठवड्याची सरासरी काढा.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुसतं पाणी लावून पुसणं पुरत नाही. मे महिन्यात आंबे चिरून झाल्यावर मी एकदा तशीच मोजली, २३० दाखवली. हात धुऊन पुन्हा मोजली, १४१. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात तर नक्कीच, आणि मुदत बघा.

वेळ ठरवा: उठल्यावर, चहापूर्वी, फिरायच्या आधी. घरी सहाला १३८ आणि लॅबमध्ये साडेनऊला १५६ आली, तर दोन्ही आकडे खरे असू शकतात. मधल्या वेळात यकृत थांबलेलं नसतं.

तीन रात्री जागून बघा

मला विचाराल तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. आठवड्यातल्या कुठल्याही तीन रात्री निवडा. झोपताना मोजा, पहाटे तीनला गजर लावून मोजा, उठल्यावर मोजा. वहीत तीन आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि खाली आदल्या रात्री किती वाजता काय जेवलात तेही.

आकडे सहसा तीनपैकी एका तऱ्हेचे निघतात.

झोपताना १८५, तीनला १८०, सकाळी १८२. इथे पहाटेचा दोष नाही. शुगर रात्री झोपतानाच चढलेली होती. रात्रीचं जेवण, त्याची वेळ किंवा औषधाची मात्रा, यांत उत्तर आहे.

झोपताना १२८, तीनला १२१, सकाळी १५२. ही माझी वही. ही खरी पहाटेची वाढ.

झोपताना १३०, तीनला ६४, सकाळी १६०. अशी नोंद एकदा जरी दिसली तरी आधी लगेच वर सांगितलेलं साखरेचं पाणी घ्या आणि सकाळ झाल्यावर डॉक्टरांना फोन करा. रात्री औषधाने शुगर खाली जाते आहे. अशा वेळी सकाळचा आकडा मोठा दिसला म्हणून कुणी गोळी वाढवली तर रात्र आणखी धोक्याची होते. खाली गेलेली शुगर उसळून सकाळी वर येते, ही कल्पना मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडली होती. सतत मोजणारे सेन्सर आल्यावर असं क्वचितच घडतं असं दिसलं. पण रात्रीची खाली गेलेली शुगर मुळातच धोक्याची आहे, सकाळी ती उसळो वा न उसळो.

दंडावर लावायचा चौदा दिवसांचा सेन्सर परवडत असेल तर एकदा लावून बघा, जागरण वाचतं. मात्र त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे तो खोटाच खालचा आकडा दाखवतो. शंका आली तर बोट टोचून खात्री करा.

आदली संध्याकाळ बदला

सकाळच्या आकड्याचं बरंचसं काम आदल्या संध्याकाळी करायचं असतं. जेवण दोनच वेळा घेताय ना, मग ती दोन कुठली हे बदलून बघा. दुपारी एक आणि रात्री साडेनऊ यापेक्षा सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा ही जोडी मला कितीतरी मानवली. अमेरिकेत २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांवर एक छोटा अभ्यास झाला. दिवसाचं सगळं खाणं सहा तासांत आणि दुपारी तीनच्या आत उरकल्यावर पाच आठवड्यांत, वजन न घटताही, त्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगलं जुमानू लागलं. तीनला जेवण संपवणं आपल्या घरात कुणाला जमणार? पण दिशा कळते. आमच्या शेजारचं जैन कुटुंब सूर्यास्तानंतर खात नाही. त्यांच्या काकूंशी बोलून मी माझ्या स्वयंपाकाची वेळ बदलली. त्या दुपारी चारलाच कणीक मळून ठेवतात.

नोकरीवरून आठला घरी येत असाल तर डब्यात दुसरं जेवण न्या आणि साडेसहाला ऑफिसातच जेवा. पहिले चार दिवस विचित्र वाटतं. घरच्यांसोबत बसायची वेळ जाते म्हणून मला वाईट वाटायचं. आता ते जेवतात तेव्हा मी काळा चहा घेऊन शेजारी बसते.

ताटात भात-पोळी राहू दे, पण क्रम बदला. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण किंवा अंडी-मासे, शेवटी पोळी-भात. याने जेवणानंतरची उसळी कमी होते. दिवसभर उपाशी आहोत म्हणून रात्री ‘आता सगळं चालतं’ असं मात्र नाही. ५५ मिनिटांत पाव किलो श्रीखंड बसतं, पण ते सकाळपर्यंत रक्तात हजेरी लावतं.

आणि जेवून उठल्यावर चाला. दहा मिनिटं, गच्चीत नाहीतर सोसायटीच्या आवारात. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात टाइप २ च्या रुग्णांना दिवसातून एकदा तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणं जास्त लागू पडलं, आणि सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. मी पहाटेची एक चक्कर कमी केली आणि ही धरली.

झोपेबद्दल थोडक्यात. एका रात्रीची झोप चार तासांवर आली तरी दुसऱ्या दिवशी इन्सुलिन कमी काम करतं. घरचे म्हणत असतील की तुम्ही फार घोरता आणि मधेच श्वास थांबतो, तर तपासणी करून घ्या. या त्रासाने सकाळचा आकडा वर राहू शकतो, आणि तो उपासाने सुटणार नाही.

सकाळी उठल्यावर

दूध-साखरेचा चहा सुटला की निम्मी लढाई झाली. कोरा चहा चालतो, पाणी तर हवंच. कोऱ्या कॉफीने काहींचा आकडा वीसेक अंकांनी चढतो. कॉफीपूर्वी आणि तासाभराने मोजून आपलं आपण ठरवा. पातळ ताक मी घेते. शहाळं मात्र ‘नुसतं पाणी’ नव्हे. एका शहाळ्यात दोन चमचे साखर सहज असते.

साधं चालणं शुगर उतरवतं. जोरात धावणं, वजनं उचलणं यांनी ती थोडा वेळ उलट चढते, कारण ॲड्रिनलिन पुन्हा यकृतालाच हाक मारतं. घाबरू नका, पण ‘व्यायाम करून वाढली’ असं लिहून तो बंदही करू नका. आधी म्हटलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालायला जाताना खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि एकटे जाऊ नका.

नऊ-दहापर्यंत आकडा चढतच जात असेल तर पहिलं जेवण अलीकडे आणा. ऐकायला उलटं वाटतं, पण खाल्ल्यावर इन्सुलिन सुटतं आणि यकृत हात आखडतं. माझी शुगर सहाला १५०, नऊला १६३ असायची. साडेनऊला ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ असं जेवल्यावर साडेअकराला १३८ दिसली, तेव्हा मी तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला होता.

उपासाचे दिवस

आपला उपास आणि हा उपास यांत फार फरक आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची एक ताटली, वर बटाटा, की एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची वही बिघडते. राजगिरा, दही, शेंगदाणे, काकडी, थोडी भगर यांवर निभावतं.

संकष्टी मला सगळ्यात अवघड जाते. चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास, जेवायला दहा, ताटात मोदक. देवाचं सोडवत नाही. माझ्या सासूबाईंनीच तोड सुचवली: संध्याकाळी सहाला मी जेवून घ्यायचं आणि चंद्र दिसल्यावर अर्धा मोदक प्रसाद म्हणून. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे मी ‘संकष्टी’ लिहिते आणि तो सरासरीत धरत नाही.

रोजा धरणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. हा नियम कुठल्याही उपासाला लावायला हरकत नाही.

किती दिवस वाट बघायची

जेवणानंतरचे आकडे आधी सुधारतात, सकाळचा शेवटी. यकृतात साठलेली चरबी उतरली की ते इन्सुलिनचं ऐकू लागतं. न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रा. रॉय टेलर यांच्या २०११ च्या प्रयोगात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलेल्या रुग्णांची उपाशीपोटीची शुगर आठवड्याभरात खाली आली होती, आणि यकृतातली चरबीही घटली होती. तो आहार घरी करण्यासारखा नाही. माझं वजन पाच महिन्यांत सात किलो उतरलं, तेव्हा कुठे सकाळचे आकडे १२० च्या घरात स्थिरावले.

मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० हे साधारण लक्ष्य मानतात. वय, इतर आजार आणि औषधं बघून तुमचं लक्ष्य डॉक्टर वेगळं ठरवतील. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, आणि त्यासोबत हिमोग्लोबिनही. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटी चढलेली दिसू शकते, आणि आपल्या घरातल्या किती बायकांचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली असतं हे मला सांगायला नको. ताप आला असेल, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर त्या दिवसांचे आकडे बाजूला ठेवा, उपास थांबवा.

दोनदा लागोपाठ २५० च्या वर, सोबत खूप तहान, सारखी लघवी, उलट्या किंवा वजन भरभर घटणं, असं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

एरवी अपॉइंटमेंटला जाताना वहीतलं एकच पान न्या: तीन रात्रींचे आकडे, दोन आठवड्यांची सकाळची सरासरी, जेवणाच्या वेळा, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. माझ्या डॉक्टरांनी ते पान दोन मिनिटं वाचलं आणि सकाळची मेटफॉर्मिन संध्याकाळच्या जेवणासोबत, हळूहळू विरघळणाऱ्या स्वरूपात दिली. ते औषध रात्री यकृतावरच काम करतं, असं त्यांनी समजावलं. तुमच्या बाबतीत ते योग्य असेलच असं नाही, पण हा प्रश्न विचारायला विसरू नका.